प्रसन्नतेचा नेम : शांतिब्रह्म श्रीएकनाथमहाराज

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तमंदिरात संध्याकाळची आरती सुरू झाली की लहानथोर सगळ्यांच्या तोंडी एकच आरती येते. तबक हातात असो वा नसो, टाळ मिळो वा न मिळो, शब्द पाठच असतात. चारशे वर्षांहून अधिक काळ ही आरती घराघरांत म्हटली जाते आहे. ती रचणारे श्रीएकनाथमहाराज कुणी संन्यासी नव्हते, मठाधिपतीही नव्हते. बायको, मुलं, सून, नातवंडं, पै-पाहुणे, उसनंपासनं, श्राद्धपक्ष हे सगळं सांभाळणारे ते पैठणचे एक गृहस्थ होते. आरतीच्या शेवटच्या कडव्यात त्यांनी आपल्या सद्गुरूंचे, जनार्दनस्वामींचे नाव गुंफले आहे आणि मीतूंपणा सरल्याचा आनंद सांगितला आहे.

हा आनंद त्यांना फुकट मिळाला होता का हो? नाथांचे चरित्र वाचताना आपण चमत्कार वाचतो, हात जोडतो आणि पोथी गुंडाळून ठेवतो. पण त्यांच्या वाट्याला काय काय आलं ते एकदा ओळीने मांडून बघा. आईबापांचे छत्र तान्हेपणीच गेले. गावातल्या विद्वानांचा रोष जन्मभर राहिला. पोटच्या मुलाशी मतभेद झाला आणि तो घर सोडून गेला. एवढे सगळे सोसूनही लोकांनी त्यांना नाव दिले ते ‘शांतिब्रह्म’. ही शांती, ही प्रसन्नता त्यांनी कशी राखली, ते या दत्तजयंतीच्या निमित्ताने आठवू या.

नाथांचा जन्म पैठणचा, शके १४५५ म्हणजे इ.स. १५३३ च्या सुमाराचा. घराणे संत भानुदासांचे. विजयनगरला गेलेली पांडुरंगाची मूर्ती भानुदासांनी पंढरपुरी परत आणली, अशी वारकऱ्यांची परंपरा सांगते. त्या भानुदासांचे नाथ पणतू. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी, दोघेही बाळ लहान असतानाच गेले. आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी नातवाला वाढवले. म्हातारपणी तरणा मुलगा आणि सून गमावलेल्या त्या दोन जिवांनी दुःखाला कवटाळून न बसता त्या पोराला मांडीवर घेतले, मुंज केली, वेदपठण करवले. नाथांच्या घरातली प्रसन्नता तिथून सुरू होते, असे म्हटले तर वावगे होणार नाही. ज्या घरात रडायला पुरेपूर कारण होते, त्या घरात एक मूल भजन करीत वाढले.

बारा वर्षांच्या आसपास वय असताना त्यांना गुरूंची ओढ लागली आणि घरात कुणाला न सांगता ते देवगडला, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर, जनार्दनस्वामींकडे पोचले. जनार्दनस्वामी मूळचे चाळीसगावचे. निजामशाहीत ते देवगडचे किल्लेदार होते आणि निस्सीम दत्तभक्त होते. नोकरी चोख आणि उपासनाही चोख. गुरुवार हा त्यांचा दत्तसेवेचा वार, त्या दिवशी किल्ल्यावर कामकाज बंद असे, असे चरित्रकार सांगतात. गृहस्थाश्रम आणि चाकरी सांभाळून परमार्थ कसा करावा, हे नाथांनी पुस्तकात वाचले नाही. त्यांनी ते गुरूंच्या घरी पाणी भरताना आणि फुले वेचताना पाहिले.

इथलीच ती हिशोबाची गोष्ट. आपण सर्वांनी ती लहानपणी ऐकलेली आहे, पण ती पुन्हा नीट ऐकावी अशी आहे. स्वामींनी हिशोबाचे काम नाथांवर सोपवले होते. एका रात्री वह्या जुळेनात. एका पैची चूक येत होती. दिव्यात तेल घालून घालून नाथ बसले. पुन्हा बेरीज, पुन्हा पडताळा. पहाटेच्या सुमारास एकदम चूक सापडली आणि त्या भरात त्यांनी टाळी वाजवली. स्वामी जागे झाले, येऊन बघतात तो शिष्याचा चेहरा उजळलेला. कारण कळल्यावर स्वामींनी त्यांना समजावले, की एका पैची चूक सापडल्याने जर एवढा आनंद होतो, तर हा संसार खरा मानून बसण्याची जी मोठी चूक जन्मोजन्मी चालली आहे, ती सापडली तर किती होईल! हीच एकाग्रता आता देवाकडे लावावी.

या गोष्टीचा अर्थ आपण एकाग्रतेपुरता घेतो. पण बघा, स्वामींनी शिष्याला त्या पैच्या आनंदाबद्दल दटावले नाही. लहान कामात मन ओतले की आनंद होतो, हे त्यांनी मान्य केले आणि त्याच आनंदाचे बोट धरून शिष्याला पुढे नेले. नाथांनी हा धडा जन्मभर सांभाळला. मनाला टोचले, खुपले, की चूक बाहेर शोधायची नाही, आपल्या वहीत शोधायची. ती सापडली की टाळी वाजवायची. पुढचे सगळे प्रसंग या एका धड्याने उलगडतात.

सहा-सात वर्षे गुरुसेवा झाली. स्वामी समाधीत असताना किल्ल्यावर शत्रू चालून आला, तेव्हा नाथांनी गुरूंचा वेष चढवून लढाई निभावली आणि स्वामींना नंतर आपणहून काही सांगितलेही नाही, अशी कथा आहे. स्वामी त्यांना जवळच्या डोंगरावर घेऊन गेले. वेरूळ-खुलताबादजवळचा हा शुलिभंजनचा डोंगर. आजही तिथे दत्तमंदिर आहे आणि भाविक जातात. तिथे श्रीदत्तप्रभू मलंगाच्या वेषात आले, कामधेनू कुत्रीच्या रूपात होती. तिचे दूध काढून, त्यात भाकरीचे तुकडे कुस्करून स्वामी आणि मलंग एकाच पात्रात जेवू लागले. नाथ आधी बिचकले. बिचकणारच! सोवळ्याच्या घरातला मुलगा तो. पण गुरूंची कृपा झाली, वेषाच्या आतले दैवत दिसले आणि सगळा संकोच गळून पडला. देव कुठल्याही वेषात येईल, आपण नाक मुरडायचे नाही, ही खूणगाठ तिथे बसली.

पुढे गुरुआज्ञेने तीर्थयात्रा झाली. त्र्यंबकेश्वरी चतुःश्लोकी भागवतावर टीका लिहून झाली. यात्रा संपवून नाथ पैठणला आले ते थेट घरी गेले नाहीत. इकडे आजोबा थकले होते. नातवाने आता पैठण सोडू नये, लग्न करून संसार करावा, अशा आज्ञेचे पत्र त्यांनी जनार्दनस्वामींकडून आणून ठेवले होते. वाटेत भेट झाली, पत्र हाती पडले आणि ज्या जागी पत्र वाचले तिथेच नाथ थांबले, असे महीपतींच्या भक्तलीलामृतासारख्या चरित्रांतून सांगितले जाते. वैराग्य अंगात मुरलेल्या तरुणाला संसाराची आज्ञा! पण त्यांनी ती गुरूंचा प्रसाद म्हणून माथी लावली. गिरिजाबाईंशी विवाह झाला. गोदावरी आणि गंगा या दोन मुली आणि हरिपंडित हा मुलगा झाला. महाभारत मराठीत आणणारे कवी मुक्तेश्वर हे गोदावरीचे चिरंजीव, नाथांचे नातू.

घरचा नित्यक्रम ठरलेला असे. पहाटे उठणे, गोदास्नान, पूजा, ग्रंथवाचन, दुपारी अतिथींसह भोजन, मग पुराण, रात्री कीर्तन. दाराशी आलेला उपाशी जात नसे. घरचा व्याप उद्धव नावाचा सेवक सांभाळी, आणि गिरिजाबाईंचा हात अन्नपूर्णेचा. नवरा कितीही मोठा संत असो, अवेळी आलेल्या चार पानांना कपाळाला आठी न घालता वाढणारी गृहिणी घरात नसेल तर ते संतपण चुलीपाशी अडते. नाथांच्या प्रसन्नतेत निम्मा वाटा या माउलीचा आहे.

आता या प्रसन्नतेच्या मुळाशी जाऊ. नाथांनी श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधावर मराठीत टीका लिहिली. एकतीस अध्याय, सुमारे अठरा हजार आठशे ओव्या. याच स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद येतो. हे अवधूत म्हणजे आपले श्रीदत्तात्रेयच, अशी आपल्या संप्रदायाची श्रद्धा आहे. राजाचा प्रश्न साधा आहे. जवळ काही नाही, घरदार नाही, अधिकार नाही, सगळे जग कामलोभाच्या वणव्यात होरपळते आहे, मग हा अवधूत एवढा आनंदात कसा? उत्तरादाखल अवधूत आपले चोवीस गुरू सांगतात. पृथ्वीला कितीही तुडवा, ती आपले व्रत सोडत नाही. समुद्र पावसाळ्यात नद्या आल्या म्हणून फुगत नाही आणि उन्हाळ्यात त्या आटल्या म्हणून सुकत नाही. चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर त्या पक्ष्याच्या मागे बाकीचे पक्षी लागले, तुकडा टाकला आणि तो सुखी झाला. बालकाला मान कळत नाही आणि अपमानही कळत नाही. पिंगला वेश्येने कुणी येईल ही आशा सोडली, तेव्हा तिला सुखाची झोप लागली.

नाथांनी हे ओव्यांत लिहिले आणि पैठणच्या वाड्यात जगून दाखवले.

गोदावरीवरून स्नान करून परतताना एक माणूस रोज त्यांच्या अंगावर थुंके. नाथ मागे फिरत, पुन्हा नदीत बुडी मारत. एके दिवशी हे एकशे आठ वेळा झाले, असे सांगतात. शेवटी थुंकणाराच थकला आणि पाया पडला. तेव्हा नाथांनी त्याचेच आभार मानले, की त्याच्यामुळे एका दिवसात गंगेची इतकी स्नाने घडली. आपण म्हणतो, हे देवमाणसालाच जमावे. पण घडलेल्या गोष्टीतून काय उचलायचे, थुंकी की स्नान, एवढेच तर नाथांच्या हातात होते. तेवढे त्यांनी दर वेळी केले. पहिल्या खेपेला जड गेले असेल, शंभराव्या खेपेला सवय झाली असेल. पृथ्वीचा गुण अंगी येतो तो असा, एकेका बुडीने.

दुसरा प्रसंग जरा हसवणारा आहे. एका गरीब ब्राह्मणाला मुलाच्या मुंजीसाठी पैसे हवे होते. पैठणच्या टवाळांनी त्याला सांगितले, नाथांना राग आणून दाखव, दोनशे रुपये देतो. बिचारा गरजेपोटी तयार झाला. नाथ पूजेला बसलेले असताना पायधूळ घेऊन हा सरळ त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथांनी त्याच्या भेटीच्या उत्कटतेचे कौतुक केले आणि जेवायला थांबवून घेतले. जेवताना गिरिजाबाई तूप वाढायला वाकल्या तर हा त्यांच्या पाठीवर चढला. ब्राह्मण पडेल हो, जपा, असे नाथांनी सुचवले, तर बाईंनी उत्तर दिले की हरीला पाठीवर घेऊन काम करायची त्यांना सवय आहे, पडू देणार नाहीत. ब्राह्मण ओशाळला, रडत खरे कारण सांगून बसला. नाथांना हळहळ वाटली ती एवढीच, की आधी कळते तर रागावण्याचे सोंग करून त्याला दोनशे रुपये मिळवून देता आले असते. घरात नवरा-बायको दोघांचा सूर असा जुळलेला असला, की बाहेरच्याला आत भांडण नेता येत नाही.

श्राद्धाचा प्रसंग मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. वडिलांचे श्राद्ध, स्वयंपाक तयार, त्याचा वास रस्त्यावर दरवळलेला. वाटेने जाणाऱ्या, गावकुसाबाहेरच्या भुकेल्या बायामुलांची वासना त्यात अडकली. नाथांनी तो सगळा स्वयंपाक त्यांना वाढला आणि ब्राह्मणांसाठी पुन्हा सोवळ्यात दुसरा करवला. ब्राह्मणांनी जेवायला नकार दिला. त्या काळी गावाने असे टाकणे म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला कळणे अवघड आहे. लग्नकार्ये अडतात, पाणवठ्यावर बायकांना बोलणी ऐकावी लागतात. तरी नाथ कुणावर चिडले नाहीत की केल्याचा पश्चात्तापही त्यांना झाला नाही. कथा सांगते की पितर स्वतः पानावर येऊन जेवून गेले. तापलेल्या वाळवंटात रडणारे पोर उचलून त्याच्या वस्तीत पोचवणारे आणि रामेश्वराची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी लावणारे नाथ ते हेच. मलंगाच्या पात्रात देव पाहिला होता ना, मग पुढे तो सगळीकडेच दिसायचा.

भागवताचे पहिले पाच अध्याय पैठणला झाले आणि त्यांची प्रत काशीला पोचली. देवाची विद्या प्राकृतात आणली म्हणून तिथले पंडित संतापले. नाथांना काशीला बोलावणे आले. नाथ गेले, तिथेच बसून उरलेला ग्रंथ पुरा केला. शके १४९५, इ.स. १५७३ मध्ये तो सिद्धीस गेला. ज्यांनी विरोध केला त्यांनीच पुढे ग्रंथाची मिरवणूक काढली, असे परंपरा सांगते. वाद घालण्यात नाथांनी शक्ती घालवली नाही, ती ओव्यांत घातली. त्यांची भारुडे आठवा. सासुरवाशिणीची कुरकुर, विंचवाचा दंश, जोशी, वासुदेव, गोंधळी, सगळ्यांना त्यांनी परमार्थाच्या दारी आणून उभे केले. संसाराची गाऱ्हाणी हसत हसत सांगता आली की त्यांचा भार निम्मा होतो, हे नाथांना पक्के ठाऊक होते. आळंदीला जाऊन ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करण्याचे थोर काम शके १५०६ मध्ये झाले, तेही याच शांत वृत्तीने, एकेक पाठ पडताळून. देवगडच्या त्या रात्रीची हिशोबाची वही इथेही कामाला आली म्हणायची!

आता जो प्रसंग आहे, तो आपल्यासारख्या वय झालेल्या गृहस्थांनी अगदी जवळून वाचावा.

परक्याची थुंकी धुऊन टाकता येते. गावाचा बहिष्कारही सोसता येतो, संध्याकाळी दार लावले की आपले माणूस जवळ असते. पण आपल्याच मुलाला आपले जगणे चुकीचे वाटले तर? हरिपंडित शास्त्रांत निष्णात झाला. वडील प्राकृतात पुराण सांगतात, कुणाच्याही हातचे जेवतात, हे त्याला सोसेना. त्याने घर सोडले आणि तो काशीला जाऊन राहिला. घरात सून-नातवंडांचा गलबला असण्याच्या वयात त्या वाड्यात ही पोकळी आली. गिरिजाबाईंचे मन काय म्हणत असेल, ते आईबापांनी ओळखावे.

नाथांनी मुलाला शाप दिला नाही, गावात त्याची निंदा केली नाही, आणि आपला मार्गही खोटा म्हटला नाही. काही काळाने ते स्वतः उठून काशीला गेले. बाप मुलाकडे गेला. हरिपंडिताने परत येण्यासाठी दोन अटी घातल्या. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या. ज्याने आयुष्यभर मराठीतून देव सांगितला, त्याने मुलासाठी तोंड मिटले!

पैठणला आता हरिपंडित पुराण सांगू लागला. विद्वत्ता मोठी, पण साध्याभोळ्या श्रोत्यांना ते कळेना. रोज भरून जाणारा वाडा हळूहळू रिकामा झाला. नाथ मात्र मुलाच्या पुराणाला श्रोता म्हणून बसत. त्यांच्या चेहऱ्यावर आपले कसे बरोबर होते याचा भाव नव्हता. पावसाळ्यात न फुगणारा समुद्र उन्हाळ्यातही तेवढाच भरलेला होता. ऐन म्हातारपणी, आपल्याच घरात आपला शब्द चालेनासा झाल्यावर प्रसन्न राहणे, हीच नाथांची मोठी परीक्षा होती. शुलिभंजनावरचा साक्षात्कार इथे कसाला लागला.

मग एक बाई आली. सहस्रभोजनाचा तिचा संकल्प राहून गेला होता आणि आता हाती पैसा उरला नव्हता. एका ब्रह्मनिष्ठाला जेवू घातले तरी सहस्र पानांचे पुण्य लाभेल, असे तिला कुणी सांगितले होते. नाथ तर वचनात बांधलेले. त्यांनी मुलाला विचारले. हरिपंडिताने स्वतः तिच्या घरी स्वयंपाक करावा, असा मार्ग निघाला. जेवण झाल्यावर नाथांनी मुलाला उष्टी पत्रावळ उचलायला सांगितली. त्याने उचलली तर खाली दुसरी. ती उचलली तर तिसरी. अशा हजार पत्रावळी निघाल्या, असे चरित्रकार सांगतात. हरिपंडिताचा अभिमान त्या पत्रावळींबरोबर उचलला गेला. त्याने वडिलांचे पाय धरले आणि पुराण पुन्हा मराठीत सुरू झाले.

चमत्कार पत्रावळींचा खराच. पण त्या आधीची महिनोन्‌महिन्यांची शांतता नसती, तर मुलगा तिथे वाकायला उरलाच नसता. नाथांनी घराचे दार उघडे ठेवले होते म्हणून परत यायला वाट होती.

फाल्गुन वद्य षष्ठी हा दिवस नाथांनी फार मानला. जनार्दनस्वामींच्या जीवनातील मोठ्या घटना याच तिथीच्या, अशी श्रद्धा आहे. शके १५२१ मध्ये याच तिथीला, कीर्तनाच्या गजरात, पैठणच्या गोदातीरी त्यांनी देह ठेवला. भावार्थ रामायण अपुरे राहिले होते, ते पुढे त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केले. काम अपुरे राहिले याची खंतही त्यांनी बरोबर नेली नाही. आजही नाथषष्ठीला पैठणला लाखो वारकरी जमतात.

भाविकहो, नाथांकडून एकदम सगळे घेता येणार नाही. एवढे मात्र जमेल. पहाटेचा काही नेम ठेवावा, थोडे नामस्मरण, एखादे पान नाथभागवत. दिवसात कुणी बोलले, टोचले, तर रात्री अंथरुणावर पडण्याआधी आपली वही आपणच तपासावी. चूक सापडली तर स्वतःवर चिडू नये, नाथांसारखी मनातल्या मनात टाळी वाजवावी. दारी आलेल्याला निदान गोड शब्द तरी द्यावा. आणि मुलासुनांशी मत जुळत नसेल तर आपले व्रत आपण सांभाळावे, त्यांच्या सभेत श्रोता होऊन बसावे, दार उघडे ठेवावे. गुडघे दुखतात, जवळची माणसे एकेक करून निघून जातात, हे चुकत नाही. तरीही आरतीला उभे राहताना चेहरा कसा ठेवायचा, हे मात्र आपल्या हाती आहे.

येत्या मार्गशीर्ष पौर्णिमेला पाळणा हलवून झाला, सुंठवडा वाटून झाला आणि नाथांनी रचलेली आरती सुरू झाली, की ती रचणाऱ्या त्या पैठणच्या गृहस्थाला मनोमन दंडवत घालू या.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥